सगळ्यांना आवडलेली घरघर

मी मिश्री लावत नाही. तंबाखू खात नाही, विडी-सिगारेट ओढत नाही, दारू पीत नाही. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण घशाच्या कॅन्सरचं नाव काढलं की समोरचा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. उत्तरं देऊन देऊन मी थकले. आता तर उत्तर द्यायला घसाही नाही, म्हणून लिहून ठेवलेलं बरं.

लिहायचं कारण मात्र दुसरं आहे. माझा आजार कित्येक महिने सगळ्यांच्या समोर होता. लपलेला नव्हता, मुका नव्हता. मी तो तालमीत मोठ्याने गात होते आणि लोक वा म्हणत होते. असं आणखी कोणाचं होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

दोन स्वर

माझं माहेर लोणी काळभोरजवळच्या वस्तीवरचं. वडील सहीपुरते शिकलेले, आई तेवढंही नाही. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. केलं, मग फिजिक्समध्ये एम.एस्सी. लग्नानंतर हडपसरला राहायला आले आणि तिथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवायला लागले. हे मी मिरवते. का नाही मिरवायचं? आयतं मिळालेलं नाही.

गाण्याकडेही मी फिजिक्सच्याच दाराने आले. ताणलेली तार छेडली की एक मूळ स्वर ऐकू येतो, आणि त्याच्या डोक्यावर आणखी बारीक बारीक स्वर असतात. गाणारे त्यांना सहायक नाद म्हणतात. चांगल्या जुळवलेल्या तानपुऱ्यात कोणीच न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो त्यातलाच एक. माणसाच्या आवाजातही ते असतात. खालचा एक स्वर सलग धरायचा आणि तोंडातल्या तोंडात जीभ, ओठ, जबडा अगदी सावकाश असे फिरवायचे, की त्यातला एकच सहायक नाद मोठा होऊन शिट्टीसारखा वर निघतो. एक गळा, दोन स्वर. मंगोलियाकडचे गुराखी पिढ्यानपिढ्या असं गात आले आहेत. पुण्यात ते हेमंत करत होता.

हेमंत सदाशिव पेठेतला संगीतकार. पोटासाठी जाहिरातींचं संगीत करायचा आणि उरलेल्या वेळात माणसांच्या आवाजासाठी रचना लिहायचा. त्यांत शब्द नाहीत, राग नाही, तबला नाही. कुजबुज, श्वास आत घेताना काढलेले आवाज, जिभेचे टकटक, ओठांचे फटके, आणि हे दोन स्वरांचं गाणं. तो आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आवाजाची लहर पडद्यावर बघायला आला होता. त्याने करून दाखवलं, मी सहज म्हणून करून बघितलं आणि माझी शिट्टी निघाली. पुढच्याच आठवड्यात मी त्याच्या गटात होते. आम्ही सहा जण. कर्वे रोडच्या बाजूला एका शाळेचा वर्ग रविवारी मिळायचा, तिथे तालीम.

आमच्या पहिल्या कार्यक्रमाला हॉल निम्मा भरला होता आणि त्यात निम्मे आमचे नातेवाईक. संपल्यावर एक आजोबा काठी टेकत हेमंतकडे आले आणि म्हणाले, "छान झालं. गाणं कधी सुरू करणार होतात?"

हेमंत म्हणाला, "आपण येणार आहात हे माहीत असतं तर केलं असतं."

मला या गाण्यातली एक गोष्ट फार आवडायची. पुण्यात गाण्याच्या कुठल्याही बैठकीला जा, थोड्या वेळात कोणीतरी गोड आवाजात विचारतंच, "आपण कोणाकडे शिकलात?" इथे तो प्रश्नच नव्हता. कोणाच्या घरी तानपुरा होता आणि कोणाच्या घरी कडबा, याने काही फरक पडत नव्हता. सगळ्यांचीच सुरुवात एका रेषेवरून. आयुष्यात पहिल्यांदा मला गाणाऱ्या माणसांत बसल्यावर आपण उशिरा आलो असं वाटलं नाही.

"बसू दे, उठवू नको"

एका हिवाळ्यात सर्दी झाली. सर्दी गेली, आवाज बसलेलाच राहिला. रविवारी तालमीत मी खर्ज लावला आणि नेहमीच्या स्वराखाली आणखी एक स्वर आला. जाड, खरखरीत, घंघाळ्यात खडे घोळवल्यासारखा. वरची शिट्टी होतीच. म्हणजे तिन्ही मिळून एक विचित्र, भलामोठा आवाज वर्गभर झाला. बाकीचे पाच जण गायचे थांबले.

हेमंत म्हणाला, "काय होतं हे?"

"काही नाही रे, घसा बसलाय."

"बसू दे. उठवू नको."

सगळे हसले. मीही हसले.

बाईच्या गळ्यातून इतका खालचा स्वर सहसा येत नाही. हेमंतने हातातली रचना बाजूला ठेवली आणि या आवाजासाठी नवी लिहायला घेतली. 'दुपदरी' असं नाव दिलं. पाच जणांनी एकच सूर धरून ठेवायचा आणि त्याच्या खालून माझी ती घरघर हळूहळू वर येणार, असा सगळा घाट. गटात वैदेही होती. लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली, घरात तीन पिढ्यांचं गाणं. ती एकदा तालीम संपल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, "रंजना, मला हे शिकवशील?"

मला. शिकवशील का म्हणाली. त्या दिवशी बसमध्ये मी हडपसरपर्यंत एकटीच हसत होते.

आणि मी तिला खरोखर शिकवायला बसले. तिला काही जमेना. मी म्हणायचे, "वैदेही, तू घसा मोकळा सोडत नाहीस. तुझी तालीम आड येतेय." ती बिचारी मान हलवायची आणि परत प्रयत्न करायची.

घरी माझा रियाझ सुरू झाला की आमचे हे, प्रकाश, आतून ओरडायचे, "बुलेट सुरू झाली!" वर्गात मुलं एकदम शांत बसायला लागली. नव्या आवाजाचा वचक. जिना चढताना दम लागायचा, मी वयावर ढकललं. चहाचा घोट चुकीच्या वाटेने जाऊन ठसका लागायचा, मी घाईवर ढकललं. उजवा कान ठणकायचा, तो रियाझावर. ताणलेल्या तारेला एका जागी वजन चिकटवलं की ती जड होऊन खालच्या स्वरात बोलते, हे मी दर वर्षी फळ्यावर काढून दाखवत होते. आपल्या घशातल्या दोन तारांपैकी एकीला काहीतरी चिकटलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आवाज इतका चांगला होता की त्याला कारण असावं लागेल असं वाटलंच नाही.

डॉक्टरांना गाऊन दाखवलं

मी डॉक्टरकडे गेले ती आवाज बरा करायला नाही. तो टिकवायला गेले. प्रयोग जवळ आला होता आणि हेमंतने बजावलं होतं, "एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. हा आवाज ऐन वेळी जाता कामा नये."

डॉक्टर साठीच्या आसपासचे, चष्म्याच्या वरून बघणारे.

"काय त्रास?"

"त्रास काही नाही. माझ्या आवाजात एक खालचा स्वर आलाय. तो टिकवायचा आहे."

"टिकवायचा?"

"मी गाते. दाखवू का?"

आणि मी त्या खुर्चीवर पाठ ताठ करून 'दुपदरी'ची सुरुवात गायले. बाहेर बाकांवर बसलेल्या पेशंटची कुजबुज बंद झाली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"पुन्हा काढा."

मला वाटलं, यांनाही आवडलं. मी पुन्हा काढला, आणि या वेळी जास्त लांबवला.

"किती दिवस झाले?"

"चार-पाच महिने असतील."

"मिश्री लावता?"

मला झोंबलं. माझं आडनाव, माझा रंग, माझी बोलायची ढब बघून यांनी ठरवलं, असं वाटलं. मी म्हणाले, "मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. आहे."

"मिश्रीला पदवी आड येत नाही. लावता का?"

"नाही."

त्यांनी नाकातून दुर्बिणीची नळी घातली आणि पडद्यावर मी माझा घसा पहिल्यांदा बघितला. डावीकडची स्वराची पट्टी पांढरी, स्वच्छ, हलत होती. उजवीकडची दिसतच नव्हती. तिच्यावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखं काहीतरी बसलं होतं, आणि ती बाजू जागची हलत नव्हती.

"सर्दीनंतर आवाज पंधरा-वीस दिवसांत सुटला नाही, तर दाखवायला यायचं असतं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

मी काय सांगणार? सगळ्यांनी मला छान म्हणून सांगितलं होतं.

तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल म्हणाले. मी विचारलं, "प्रयोग झाल्यावर केलं तर?" मग पुढचा पेशंट आत घ्यायची घंटी वाजवायला गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि मला पाण्याचा ग्लास दिला. त्या ग्लासावरून मला कळलं.

आईची डबी

रिपोर्ट आला. जे वाटलं होतं तेच. प्रकाशनी माहेरी फोन केला आणि आई दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन दाखल झाली. येताना मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊनच आली. दृष्ट काढली. मग माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "रंजे, माझ्यामुळं झालं का गं?"

"तुझ्यामुळं कसं होईल?"

"मी मिश्री भाजायची चुलीवर. तू मांडीवर असायचीस. धूर तुझ्या नाकात गेला असंल."

"नाही गं आई. असं काही नसतं."

असतं का नसतं, मला माहीत नव्हतं. फिजिक्स याच्या कामाचं नाही. आईने कमरेची डबी काढली, गॅलरीत गेली आणि खाली कचऱ्याच्या ढिगावर भिरकावली. चाळीसहून जास्त वर्षांची सवय. त्यानंतरचे सगळे दिवस तिचं डोकं दुखत होतं आणि ती सगळ्यांवर खेकसत होती. आमच्या सईला, म्हणजे तिच्या लाडक्या नातीला, पोळी गोल झाली नाही म्हणून रडवलं. घरात कॅन्सर एकीला होता आणि हाल सगळ्यांचे. पण डबी तिने परत आणली नाही.

उसाच्या रसाच्या बाकावर

गळ्याचे स्कॅन काढून झाले तेव्हा कळलं की गाठ आतल्या कूर्चेपर्यंत पोचली आहे. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मानेला समोर कायमचं भोक राहील, श्वास तिथून. नंतर किरणं. बोलणं? "बोलण्याचे काही मार्ग आहेत. गाणं नाही."

दुसरं मत घ्यायला दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो. ते म्हणाले, केमो आणि किरणं देऊन बघता येईल. आवाज राहू शकतो. पण गाठ इतकी आत गेलेली असताना भरवसा देता येत नाही, आणि परत आली तर तेव्हाचं ऑपरेशन आजच्यापेक्षा अवघड.

मला त्यातलं 'राहू शकतो' तेवढंच ऐकू आलं.

बाहेर उसाच्या रसाचं दुकान होतं. आम्ही बाकावर बसलो.

"दुसऱ्या डॉक्टरांचं करू," मी म्हणाले.

"रंजू, भरवसा नाही म्हणालेत ते."

"पहिल्यांचा तरी कुठे आहे? आणि अहो, मी शिकवते. गाते. उद्या तुम्हाला कोणी म्हटलं, दोन्ही हात कापा, तर?"

"कापले असते."

"खोटं बोलता."

"हो, खोटं बोलतो!" प्रकाश एवढ्या जोरात ओरडले की चरकाजवळचा माणूस वळून बघायला लागला. "मग काय खरं बोलू? खरं हे आहे की तू गेलीस तर सईशी काय बोलायचं हेसुद्धा मला माहीत नाही. आमच्या दोघांत सगळं तूच बोलतेस."

ते रडत होते. रसवाला दोन ग्लास घेऊन समोर उभा. "साहेब, बर्फ टाकू का?"

"नको," मी म्हणाले. "त्यांना सर्दी आहे."

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. घरी आम्ही एकमेकांशी फक्त औषधांबद्दल बोलत होतो.

सूर धरा

रविवारी मी तालमीला गेले. कोणाला न सांगता गेले. जे वाचवण्यासाठी मी नवऱ्याशी भांडत होते, ते मला एकदा नीट गाऊन बघायचं होतं. गटाला फक्त घशाची तपासणी झाली एवढंच माहीत होतं.

पाच जणांनी सूर धरला. माझी जागा आली. मी खर्ज लावला आणि खालचा स्वर आलाच नाही. नुसती हवा आणि एक बसका, साधा, चिरका आवाज. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"सूज असेल," हेमंत म्हणाला. "तपासताना लागलं असेल काहीतरी. आठवडाभरात येईल परत."

तेव्हा मला समजलं. डॉक्टरांनी तपासायला गाठीचा तुकडा काढला होता. तारेवरचं वजन बदललं, स्वर गेला. इतकं सरळ होतं.

"येईल," मी म्हणाले. "गाठ वाढली की परत येईल."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. वैदेहीने हात आपल्याच गळ्यावर नेला आणि पटकन खाली घेतला. तिला शिकवायला मी किती रविवार घातले होते, ते आम्ही दोघी एकदमच आठवत होतो.

मी म्हणाले, "एकदा परत करू. मी आहे त्या आवाजात गाते. तुम्ही सूर धरा."

त्यांनी धरला. दोघांचा मध्येच तुटला. मला राग आला. मी म्हणाले, "रडायचं असेल तर बाहेर जा. सूर धरा." मग धरला, शेवटपर्यंत. मी काय गायले ते मला आठवत नाही. बरं झालं नसणार.

जिन्यात येऊन प्रकाशना फोन लावला. "पहिल्या डॉक्टरांकडे तारीख घ्या," एवढंच म्हणाले. जो आवाज वाचवायला मी निघाले होते तो माझा नव्हताच, गाठीचा होता. माझा आधीचा आवाज कसा होता ते तर मला नीट आठवतही नव्हतं.

हेमंत रिक्षापर्यंत सोडायला आला. रिक्षा सुरू झाली तेव्हा दांडी धरून म्हणाला, "मी म्हणालो होतो, उठवू नको."

रिक्षावाला म्हणाला, "काय साहेब?"

पाटी

लोक विचारतात, शेवटचं काय बोललीस? काहीतरी चांगलं बोलायचं मी ठरवलं होतं. सईशी बोलणार होते. पण स्ट्रेचर लवकर आलं, सई खाली पाणी आणायला गेली होती, आणि ऑपरेशनच्या दाराशी मी सिस्टरला म्हणाले, "चपला कुठे ठेवू?" झालं. माझ्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य.

जाग आल्यावरचं फार लिहीत नाही. ज्यांना या वाटेने जायचंय त्यांना एवढंच सांगते, की पहिले काही दिवस आपण म्हणजे एक भोक असतो. सकाळी सिस्टर येऊन त्यात नळी घालतात आणि कफ ओढून घेतात. त्या यंत्राचा आवाज येतो, आपला येत नाही. खोकला येतो तो मानेतून. नाकातल्या नळीतून पेज. वास जातो. रडू येतं, पण त्याला आवाज नसतो, त्यामुळे शेजारचा माणूस पेपर वाचत राहतो. चहावर फुंकर घालता येत नाही, हे तर मला घरी गेल्यावर कळलं.

बोलण्यासाठी मला पाटी दिली. मी शिकलेली बाई, मला पाटीची काय अडचण? शेजारच्या खाटेवर हिराबाई होत्या, दौंडकडच्या. गालाचा कॅन्सर, अर्धा चेहरा पट्टीत. पहिल्याच दिवशी मी मोठ्या अक्षरांत लिहून त्यांना दाखवलं, 'दुखतंय का?' त्यांनी पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उघड्या हाताचा अंगठा उमटवल्यासारखा करून दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं. माझी एम.एस्सी. तिथे संपली.

मग मला हेमंतच्या रचनांमधले आवाज आठवले. जिभेची टकटक, ओठांचा फटका, गालात हवा धरून काढलेला बुडबुडा. यांना घसा लागत नाही, श्वासही लागत नाही, नुसतं तोंड पुरतं. मी जीभ टाळूला लावून टक्‌ केलं आणि पाण्याच्या भांड्याकडे बोट दाखवलं. ओठांचा फटका म्हणजे सिस्टर. दोन टक्‌ म्हणजे दुखतंय. हिराबाईंना तोंड हलवता येत नव्हतं, त्या खाटेच्या लोखंडावर बांगडी वाजवून उत्तर द्यायच्या. सिस्टर म्हणाल्या, "काय चाललंय दोघींचं? पाली झाल्यात वॉर्डात!" हिराबाई पट्टीतल्या पट्टीत हसल्या आणि टाके ओढले गेले म्हणून लोखंडावर दोनदा बांगडी आपटली.

त्या माझ्याआधी घरी गेल्या. त्यांच्या मुलाचा नंबर मी पाटीवर घेऊन ठेवला होता. तो आता लागत नाही.

साहेब, मॅडमना द्या

किरणं झाली. गळा आतून-बाहेरून भाजून निघाला. त्या काळात मी प्रकाशना एकदा पाटीवर लिहिलं, 'चुकलो आपण.' त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं आणि पाटी परत दिली.

पुढे मानेला टेकवून बोलायचं बॅटरीचं यंत्र मिळालं. ते एकसुरी गुणगुणतं, आपण तोंडाने त्याचे शब्द करायचे. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमची जीभ फार तयार आहे हो. इतरांना महिने लागतात." बरोबरच आहे. एका सुरातून जिभेने निवडून काढायचं, हेच तर मी इतकी वर्षं करत होते. माझे शब्द स्पष्ट येतात. माणसाचे मात्र वाटत नाहीत. फोनवर गॅसवाला म्हणतो, "साहेब, जरा मॅडमना द्या." सई सुरुवातीला मी बोलायला लागले की दुसऱ्या खोलीत जायची. आता जात नाही, पण तिने मला हाक मारायला लावणं सोडलं आहे. मला काही हवंय असं वाटलं की स्वतःच उठून येते.

कॉलेजने मला परीक्षा विभागात बसवलं. वर्ग द्या म्हणून अर्ज केला आहे. उत्तर यायचं आहे.

हेमंत हॉस्पिटलात रोज यायचा, बाहेर बसून जायचा. घरी आला तो बऱ्याच महिन्यांनी. चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाला, "तालमींची रेकॉर्डिंग आहेत माझ्याकडे. तुझा आवाज त्यात स्वच्छ आलाय. आम्ही पाच जण सूर धरू आणि तू रेकॉर्डिंगमधून येशील. दुपदरी एकदा तरी व्हायला हवी. तुझ्यासाठी."

मी यंत्र लावलं. "माझ्यासाठी नाही. रचनेसाठी."

त्याने रिकामा कप बशीत फिरवला.

"लोक टाळ्या वाजवतील, हेमंत."

"हो."

"कशाला वाजवतील?"

मी म्हणाले, मला फाइल पाठव आणि तुझ्याकडची पुसून टाक. त्याने माझ्यासमोर पुसली. जाताना चप्पल घालायला त्याला फार वेळ लागला. मी काही वाईट बोलले असं मला वाटत नाही. पण तो माझा मित्र होता, आणि मी हो म्हटलं असतं तर आजही येत असता.

परत लावा

तपासणीला गेले असताना डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पहिल्या दिवशी काढलेला आवाज माझ्या कानातून जात नाही. रेकॉर्ड करून ठेवायला हवा होता. मुलांना ऐकवला असता." ते मेडिकल कॉलेजात शिकवतात.

मी म्हणाले, "आहे माझ्याकडे. पण ऐकवाल तेव्हा मी येणार."

गेल्या महिन्यात गेले. गळ्याभोवती ओढणी घेऊन एका बाजूच्या खुर्चीवर बसले. त्यांनी माझी ओळख करून दिली नाही, तसं आमचं ठरलंच होतं. त्यांनी फाइल लावली. आधी पाच जणांचा सूर, मग खालून ती घरघर, मग तिच्या वर शिट्टी. सगळा हॉल भरून गेला. पहिल्या रांगेतल्या मुलाने मोबाइल खाली ठेवला.

डॉक्टरांनी थांबवलं. "काय ऐकलंत?"

"सर, ते मंगोलियन असतं ना, थ्रोट सिंगिंग?"

"बरोबर. आणखी?"

"एकदम दोन-तीन नोट्स येतायत, सर. सॉलिड कंट्रोल आहे."

"आणखी?"

मागून एक मुलगी म्हणाली, "भारी आहे, सर." सगळे हसले.

"आणखी?"

आणखी कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. उद्याचे डॉक्टर ते. मला त्यांचा राग आला नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, ओढणी सारली आणि यंत्र मानेला टेकवलं.

"गाणारी बाई मी," मी म्हणाले. "त्यातला खालचा स्वर ही गाठ आहे. मलाही भारीच वाटला होता."

मागच्या मुलीने तोंडावर हात नेला. कोणाची तरी बाटली खाली पडून घरंगळत गेली, उचलायला कोणी वाकलं नाही.

"आता परत ऐका," मी म्हणाले. "या वेळी आवडून घेऊ नका."

डॉक्टरांनी परत लावलं. मुलं माना खाली घालून ऐकत होती, काही जण लिहून घेत होते. मीही उभ्याने ऐकलं, शेवटपर्यंत.

मला तो पुन्हा आवडला.